किनाऱ्यावरचे लग्न: महिना, तिथी आणि भरतीचे गणित

समुद्रकिनाऱ्यावर लग्न करायचे ठरले की बहुतेक घरांत आधी हॉटेल पाहिले जाते, मग तारीख ठरते आणि सर्वांत शेवटी कोणीतरी पावसापाण्याविषयी विचारते. कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर लग्न करताना हा क्रम उलटा ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. आधी महिना ठरवावा, मग तिथी, मग वेळ आणि या तिन्हींना मानवेल अशी जागा त्यानंतर शोधावी. यासाठी लागणारे मुख्य साधन लग्नघरात आधीपासूनच असते. मुहूर्तासाठी जे पंचांग उघडले जाते, त्याच पंचांगातून त्या दिवशी पाणी किती वाजता चढेल आणि किती वाजता उतरेल हेही वाचता येते. फक्त तसे वाचण्याची सवय आता मच्छीमारांपुरतीच उरली आहे.

महिना कोणता निवडावा

जून ते सप्टेंबर हे महिने वाळूवरच्या कोणत्याही समारंभासाठी सरळ वगळावेत. मोसमी पाऊस साधारणपणे जूनच्या पहिल्या आठवड्यात गोव्यात आणि ११ जूनच्या सुमारास मुंबईत पोहोचतो, आणि मुंबईतून तो ८ ऑक्टोबरच्या आसपास परत फिरतो. या काळात समुद्र खवळलेला असतोच, शिवाय लाटा किनाऱ्यावरची वाळू ओढून नेतात, त्यामुळे एरवी रुंद आणि सपाट दिसणारी पुळण अरुंद व उतरती होते. ती वाळू पावसाळा संपल्यावर हळूहळू परत येते. म्हणूनच जुलैमध्ये किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला पाहिलेल्या किनाऱ्यावरून डिसेंबरातील मांडवाचा अंदाज बांधू नये. पावसाळ्यात दर कमी असतात हे खरे; परंतु चातुर्मासामुळे तेव्हा मुहूर्तही जवळजवळ नसतात. ज्यांना नोंदणी विवाहानंतर पावसात स्वागत समारंभ करायचा आहे, त्यांनी समुद्र दिसणारे पक्क्या छपराचे सभागृह घ्यावे आणि वाळूचा विचार सोडून द्यावा.

ऑक्टोबर फसवा असतो. आकाश निळे होते, छायाचित्रे सुंदर येतात, पण दुपारचा उकाडा असह्य असतो आणि संध्याकाळी मेघगर्जनेसह पाऊस कोसळण्याची शक्यता महिनाअखेरीपर्यंत टिकून राहते. अरबी समुद्रातील चक्रीवादळांचे दोन हंगाम असतात, एक पावसाळ्याच्या आधी आणि दुसरा पावसाळ्याच्या नंतर. ११ नोव्हेंबर २००९ रोजी फयान वादळाने कोकणपट्टीला झोडपले होते, आणि डिसेंबर २०१७ च्या पहिल्या आठवड्यात ओखीमुळे मुंबई व कोकणात अवेळी पाऊस झाला होता. अशा घटना दरवर्षी घडत नाहीत. तरी नोव्हेंबर-डिसेंबर म्हणजे कोरडे आकाश, अशी हमी कोणी देत असेल तर तिच्यावर विसंबून राहू नये.

पारंपरिक मुहूर्त पाहणाऱ्या कुटुंबांसाठी हंगाम उघडतो तो तुळशीच्या लग्नानंतर, आणि तुळशीचे लग्न दरवर्षी इंग्रजी तारखेनुसार पुढेमागे होते. २०२५ मध्ये कार्तिक शुद्ध द्वादशी २ नोव्हेंबरला आली, तर २०२६ मध्ये ती २१ नोव्हेंबरला येते. किनाऱ्यासाठी हा फरक मोठा आहे, कारण नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात हवेत दमटपणा असतो, तर तिसऱ्या आठवड्यानंतर संध्याकाळी हवा हलकी होऊ लागते. तेव्हापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंतचा काळ मला सर्वांत उत्तम वाटतो. पाऊस बहुधा संपलेला असतो, वाळू परतलेली असते, आणि नाताळची गर्दी व तिच्याबरोबर चढणारे दर अजून सुरू झालेले नसतात.

यानंतर अडचणीचा महिना येतो. साधारण १६ डिसेंबर ते १४ जानेवारी हा धनुर्मास, आणि त्याला लागून पौष. या काळात आपल्याकडे लग्ने टाळतात. नेमके याच दिवसांत अमेरिका-युरोपातील नातेवाइकांना नाताळची सुटी असते आणि घरात एकच प्रश्न वारंवार विचारला जातो: ते येतील तेव्हाच लग्न का करू नये? काही पंचांगांत अशा काळासाठी काढीव मुहूर्त दिलेले असतात आणि पुरोहित ते मान्य करतात. परंतु पंचांगाची अडचण सुटली तरी गोव्याच्या बाजाराची अडचण सुटत नाही. २० डिसेंबर ते ५ जानेवारी या काळात गोव्यातील खोल्या, गाड्या, वादक आणि आचारी या सर्वांचे दर वर्षातील सर्वोच्च असतात व रस्त्यांवर कोंडी असते. परदेशस्थ पाहुण्यांसाठी हाच काळ घेणे भाग असेल, तर गोव्याऐवजी गुहागर, वेळणेश्वर, भोगवे किंवा वेंगुर्ल्याकडचा शांत किनारा पाहावा आणि तोही वर्षभर आधी ठरवावा, कारण तिथे चांगल्या खोल्यांची संख्याच मर्यादित आहे.

पौष संपल्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ हा दुसरा उत्तम काळ. दिवसा ऊन सुसह्य असते आणि रात्री किंचित गारवा असतो. दव मात्र विसरू नये: सूर्यास्तानंतर तासाभरात खुर्च्यांचे कापड, रुखवताचे टेबल आणि उघड्यावर ठेवलेल्या पत्रिका ओलसर होतात. या काळात स्थानिक उत्सवांचीही चौकशी करावी. मालवण तालुक्यातील आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेची तारीख तिथीने ठरलेली नसते; ती देवीचा कौल घेऊन जाहीर होते, आणि त्या दोन दिवसांत तारकर्ली-देवबागपासून कणकवलीपर्यंत खोली मिळणे कठीण होते. फाल्गुनात शिमगा सुरू झाला की कोकणातील गावे पालखीत गुंतलेली असतात, तेव्हा मांडव घालणारी किंवा पंगतीत वाढणारी माणसे मिळतील असे गृहीत धरू नये. ज्या घरांत दहावी-बारावीची मुले आहेत, ती घरे फेब्रुवारी-मार्चमध्ये अर्धीच येतात, हेही लक्षात घ्यावे.

एप्रिल-मे ही मराठी माणसाची लग्नसराई. शाळांना सुटी, चाकरमानी गावी आलेले, हापूस हाताशी. किनाऱ्यासाठी मात्र हा काळ एप्रिलच्या मध्यापर्यंतच ठीक म्हणावा लागेल. त्यानंतर दमटपणा इतका वाढतो की शालू नेसलेली नवरी आणि होमाजवळ बसलेले यजमान यांची अवस्था पाहवत नाही. दुपारची वाळू अनवाणी पायांना सोसत नाही. आणि गोव्याच्या काही किनाऱ्यांवर मे महिन्यात तेलाचे चिकट काळे गोळे वाहून येतात, ज्यांचा डाग रेशमावरून निघत नाही. मेचा उत्तरार्ध तर पूर्णपणे टाळावा. तौक्ते वादळ मे २०२१ च्या मध्यास गोवा व कोकण किनाऱ्याजवळून गेले, निसर्ग वादळ ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि २०२५ मध्ये तर मोसमी पाऊसच २६ मे रोजी मुंबईत दाखल झाला. शिवाय २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून हा अधिक ज्येष्ठ महिना असल्यामुळे त्या वर्षी मेच्या उत्तरार्धात मुहूर्तही नाहीत.

तिथी आणि भरती

महिना ठरल्यावर तिथीकडे वळावे. पश्चिम किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती व दोनदा ओहोटी येते आणि या वेळा रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकतात. कोकणातील जुना हिशेब असा की तिथीचा आकडा पाऊणपट केला म्हणजे भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सकाळी व संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती असते. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे दुपारी व रात्री सव्वाअकरा-बाराच्या दरम्यान पाणी सर्वांत वर आणि संध्याकाळी साडेपाच-सहाला सर्वांत खाली असते. कृष्ण पक्षात प्रतिपदेपासून पुन्हा एकपासून मोजावे. हा अंदाज आहे, घड्याळ नव्हे. गोव्यात भरती थोडी लवकर येते, म्हणून अंतिम वेळ त्या बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून तपासावी. परंतु पंचांगातील पाच-सहा मुहूर्तांतून दोन निवडण्यासाठी हा हिशेब पुरेसा आहे.

सूर्यास्ताच्या वेळी विधी करायचा असेल, तर चतुर्दशी ते द्वितीया या तिथी उत्तम ठरतात, कारण तेव्हा पाणी ओसरलेले असते आणि मांडवासमोर रुंद, घट्ट, ओली वाळू मोकळी मिळते. यांपैकी अमावास्या अर्थातच कोणी घेत नाही. पण पौर्णिमा आणि तिच्या पुढचे दोन दिवस पंचांगात मुहूर्त असेल तर सोडू नयेत. सप्तमी ते दशमीच्या दरम्यान सूर्यास्तालाच भरती असते. मात्र अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तिचे पाणी फार वर येत नाही. त्यामुळे पुळण रुंद असलेल्या जागी या तिथीही चालतात आणि लाटा जवळ असल्यामुळे दृश्य अधिक देखणे होते. सकाळचा मुहूर्त असेल तर हिशेब उलटतो. सप्तमीला पहाटे सव्वापाचला भरती होऊन गेलेली असते आणि नऊ-दहा वाजता पाणी उतरत असते, जे सोयीचे आहे. पौर्णिमेच्या सकाळी मात्र ते उधाणाकडे चढत असते.

पौर्णिमेचा एक धोका ठळकपणे सांगितला पाहिजे. संध्याकाळी सहाला जी विस्तीर्ण वाळू पाहून जेवणाची टेबले पुढे मांडावीशी वाटतात, तीच वाळू रात्री अकराला उधाणाच्या पाण्याखाली जाते. विधी खाली होऊ द्यावा. जेवण, विजेचा जनित्र, ध्वनियंत्रणा आणि खुर्च्यांचा साठा मात्र भरतीच्या रेघेच्या वरच ठेवावा. ही रेघ शोधण्यासाठी सुकलेले शेवाळ, काटक्या आणि शिंपल्यांची जी ओळ किनाऱ्याला समांतर दिसते ती पाहावी, आणि अशा दोन ओळी दिसल्या तर वरची खरी मानावी. किनाऱ्यागणिक हा फरक बदलतो. उधाणाच्या दिवशी मुंबई-अलिबागकडे भरती आणि ओहोटीच्या पातळीत चार मीटरहून अधिक अंतर पडते, म्हणूनच ओहोटीला अलिबागहून कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत जाता येते; गोव्यात हेच अंतर साधारण दोन मीटर असते. नागाव किंवा काशीदला केलेली आखणी पाळोळ्यासाठी जशीच्या तशी चालणार नाही, आणि पाळोळ्याची आखणी अलिबागला तर मुळीच नाही.

जागेची पाहणी शक्यतो एक वर्ष आधी, त्याच मराठी महिन्यात आणि त्याच तिथीला, लग्नाच्या वेळेलाच करावी. तिथी तीच असल्यामुळे पाणीही जवळपास त्याच ठिकाणी असेल, आणि किनारा त्या ऋतूत कसा असतो, वारा कुठून येतो, किती माणसे फिरायला येतात हे सर्व एका फेरीत कळेल. वर्षभर आधी जाणे शक्य नसेल तर लग्नाच्या महिना-दोन महिने आधी त्याच तिथीला जावे. त्या वेळी गावातील मच्छीमारांना अवश्य भेटावे. रापण ओढण्याची आणि होड्या वर घेण्याची जागा त्यांची ठरलेली असते. तिथे मांडव घालणे हे त्यांच्या पोटावर पाय देण्यासारखे आहे. शिवाय पाण्याविषयी त्यांच्याइतके अचूक कोणी सांगत नाही.

वारा, ऊन आणि मांडव

गोरज मुहूर्त सूर्यास्ताच्या आगेमागे येतो, आणि पश्चिम किनाऱ्यावर त्याला तोड नाही. नोव्हेंबरअखेर सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, फेब्रुवारीत साडेसहाच्या पुढे आणि मेमध्ये सातच्या आसपास. पत्रिका छापण्यापूर्वी नेमकी वेळ पाहून घ्यावी. याच वेळी वाराही पडू लागतो. दिवसा समुद्रावरून येणारे खारे वारे दुपारी दोन ते पाचच्या दरम्यान सर्वांत जोरात असतात, बहुधा वायव्येकडून, आणि फेब्रुवारीनंतर त्यांचा जोर वाढत जातो. दुपारी चारला मंगलाष्टका ठेवल्या तर अंतरपाट शिडासारखा फुगतो, अक्षता वधूवरांऐवजी मामांच्या डोळ्यांत जातात आणि गुरुजींचा आवाज तिसऱ्या रांगेपलीकडे पोहोचत नाही. अंतरपाटाच्या खालच्या कडेत लाकडी दांडी शिवून घ्यावी, आणि गुरुजींना लावायच्या ध्वनिक्षेपकावर स्पंजाचे आवरण आहे याची खात्री करावी.

सकाळच्या मुहूर्ताचे एक सौंदर्य फारसे कोणी सांगत नाही. आपल्या किनाऱ्याच्या पूर्वेला माडांच्या वाड्या किंवा सुरूचे बन असते, त्यामुळे हिवाळ्यात साडेनऊ-दहापर्यंत झाडांची सावली पुळणीच्या वरच्या भागावर पडलेली असते. वारा जमिनीकडून समुद्राकडे मंद वाहतो आणि पाणी शांत असते. ज्या घरांत वृद्ध मंडळी अधिक आहेत, त्यांनी संध्याकाळच्या छायाचित्रांचा मोह सोडून हा पर्याय घ्यावा.

दिशेचा प्रश्न गुरुजींशी आधी बोलून घ्यावा. विधीसाठी यजमान सहसा पूर्वाभिमुख बसतात. म्हणजे त्यांची पाठ समुद्राकडे आणि समोर बसलेल्या पाहुण्यांच्या डोळ्यांत मावळतीचे ऊन. खुर्च्या मांडवाच्या पूर्वेला सरळ न मांडता ईशान्य व आग्नेय बाजूंना तिरप्या मांडल्या की हा त्रास बराच कमी होतो. वायव्येच्या बाजूला कनात लावावी, पण ती पूर्ण बंद नसावी. वाऱ्याला थोडी वाट दिली नाही तर सबंध मांडव ओढला जातो. वाळूत बांबू नुसते रोवून भागत नाही. प्रत्येक खांबाच्या पायाशी वाळूची पोती किंवा पाण्याने भरलेली पिंपे हवीत, आणि छताला ताणलेल्या प्लास्टिकऐवजी सुती कापड किंवा झावळ्या वापराव्यात. झावळ्या वापरल्या तर होम मांडवाच्या मध्याशी खोल कुंडात करावा आणि पाण्याच्या बादल्या शेजारी ठेवाव्यात, कारण जानेवारीनंतर सुकलेल्या झावळ्या आणि सुरूचा पाला ठिणगीसरशी पेट घेतो.

फुलांविषयी थोडक्यात: झेंडू, शेवंती आणि आंब्याच्या डहाळ्या खाऱ्या हवेत टिकतात, गुलाब टिकत नाही. वृद्धांसाठी रस्त्यापासून मांडवापर्यंत काथ्याच्या जाजमाची किंवा फळ्यांची वाट असावी. सूर्यास्तानंतर वाळूतले बारीक किडे पायांना चावतात, म्हणून प्रत्येक रांगेत मलम ठेवलेले बरे.

परवानग्या आणि कासवे

भरतीच्या रेघेजवळची जमीन किनारी नियमन क्षेत्राच्या नियमांखाली येते, आणि हॉटेलची वाडी खासगी असली तरी तिच्यासमोरची पुळण हॉटेलची नसते. महाराष्ट्रात ग्रामपंचायत, पोलीस ठाणे, तहसील कार्यालय आणि सागरी मंडळ, तर गोव्यात पर्यटन खाते व किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण यांच्याकडे चौकशी करावी. कोणाची परवानगी लागेल हे जागेनुसार बदलते, म्हणून हॉटेलच्या तोंडी आश्वासनावर न थांबता परवानगीची प्रत मागावी. रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. त्यामुळे सनई-चौघडा असो वा संगीत, कार्यक्रम त्याआधी संपेल असाच आखावा.

ऋतूशी थेट संबंध असलेली बाब म्हणजे ऑलिव्ह रिडले कासवे. साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात, म्हणजे नेमक्या लग्नाच्या हंगामात, त्यांच्या माद्या रात्री वाळूत अंडी घालण्यासाठी येतात, आणि पिल्ले मेपर्यंत बाहेर पडत राहतात. वेळास, आंजर्ले, गुहागर, तसेच गोव्यातील मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग हे त्यांचे परिचित किनारे. प्रखर दिव्यांमुळे मादी परत फिरते आणि पिल्ले समुद्राऐवजी उजेडाकडे जातात. अशा किनाऱ्यावर रात्रीचा समारंभ ठेवूच नये. गुहागरसारख्या लांब पुळणीवर सकाळचा मुहूर्त घेऊन संध्याकाळचे जेवण आत वाडीत करता येते. वनखात्याने घरट्यांसाठी राखलेला भाग कोणता, हे आधी विचारून घ्यावे.

पर्यायी जागा आणि निर्णयाची वेळ

पर्यायी जागा असणे पुरेसे नाही. ती त्याच दिवसासाठी, तितक्याच माणसांसाठी आणि मांडववाल्याशी झालेल्या करारात लिहून ठरलेली हवी. मंगल कार्यालय शोधण्यापेक्षा किनाऱ्याला लागून असलेली नारळी-पोफळीची वाडी घ्यावी, म्हणजे वारा फिरला तरी वऱ्हाडाला गाडीत बसवावे लागत नाही. तिथे पत्र्याची किंवा ताडपत्रीची शेड असावी. हवामान विभागाचा अंदाज आठवडाभर आधीपासून पाहावा, पण निर्णय आदल्या दिवशी सकाळी एका ठरलेल्या व्यक्तीने घ्यावा. दोन्ही घरच्या मंडळींनी मिळून निर्णय घ्यायचे ठरवले तर तो होत नाही, असा सर्वत्र अनुभव आहे. मच्छीमारांना समुद्रात न जाण्याचा इशारा दिलेला असेल, तर आकाश कितीही स्वच्छ दिसत असले तरी वाळूवरचा बेत रद्द करावा, कारण वादळ दूर असतानाही त्याच्या लाटा किनाऱ्यावर पोहोचतात.

प्रवासाची आखणीही लगेच करावी. कोकण रेल्वेची आरक्षणे सध्या ६० दिवस आधी उघडतात आणि मे महिन्यातील गाड्या त्याच सकाळी भरतात. म्हणून पत्रिकेची वाट न पाहता तारीख जवळच्यांना आधीच कळवावी. पाहुण्यांना दिल्या जाणाऱ्या सूचनांमध्ये जोडे, उपरणे आणि शाल यांबरोबर एक वाक्य ठळक असावे: सूर्यास्तानंतर कोणीही पाण्यात उतरू नये. त्या वेळी किनाऱ्यावर जीवरक्षक नसतात.

मांडववाल्याशी करार करताना त्यात मांडव उतरवण्याची वेळही लिहावी आणि रकमेचा शेवटचा हप्ता त्यानंतरच द्यावा. खांबांचे खड्डे त्याच रात्री बुजवले गेले पाहिजेत, कारण अंधारात चालणाऱ्याचा पाय त्यात अडकतो, आणि त्या वाळूत कासवाची मादी आली तर तीही अडकते. पत्रावळी, खिळे, सुतळी आणि फुलांच्या माळांतील प्लास्टिकचे धागे पुढची भरती येण्याआधी उचलावेत. पौर्णिमेला ती रात्री सव्वाअकराच्या सुमारास असते, म्हणून सफाईची माणसे साडेनऊलाच हजर ठेवावीत.